सूर्येचे पाणी आणि डोंगरातील पाडे

आमच्या सायवन भागात आषाढ-श्रावणात पाऊस असा कोसळतो की, ओढ्यापलीकडच्या मुलांस शाळेत येणे कठीण व्हावे. आणि त्याच पाड्यांतील बायांस वैशाखात हंडाभर पाण्यासाठी नाल्याच्या पात्रात खड्डे उकरावे लागतात. वर्षास 2000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखाची ही दशा पाऊस थोडा म्हणून खास नव्हे. पडलेले पाणी कोणाच्या कामी यावे, हे पाड्यांपासून फार दूर ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कासा गावाकडे उतरले म्हणजे सूर्या नदी लागते. तिच्यावर धामणीचे धरण व खाली कवडासचा बंधारा आहे. धरणासाठी कित्येक आदिवासी कुटुंबांनी घरेदारे सोडली. योजना मुख्यतः शेतीची. चौदा हजारांहून अधिक हेक्टर जमीन भिजावी, असा तिचा संकल्प होता. पुढे तारापूरचे कारखाने आले, शहरेही आली. मीरा-भाईंदर व वसई-विरार ह्यांच्यासाठी नव्या योजनेत रोज 403 दशलक्ष लिटर पाणी धरले आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी हा हिशेब वहीत करून पाहावा: वर्षास ते सुमारे 147 दशलक्ष घनमीटर होते, आणि धामणीचा उपयुक्त साठा आहे सुमारे 276. वसई-विरारास आधीपासून जाणारे पाणी ह्याहून वेगळेच!

शहरवासीयांस तहान नाही, असे आम्ही म्हणत नाही. आमचेही भाऊबंद तेथे मजुरीस राहतात. परंतु कालव्याला पाणी वेळेवर आले नाही, तर उन्हाळी भात व भाजीपाला होत नाही, आणि खळे आटोपताच कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. दिवाळीनंतर वर्गांतील बाक रिकामे का पडतात, हे पालकांस आम्ही सांगावयास नको. कालव्याचे पाणी उताराने खाली जाते. धरणाच्या वर राहणाऱ्यांस ते डोळ्यांनी दिसते, घागरीत मात्र येत नाही. त्यांच्यासाठी पंप व नळच हवेत, आणि शहराच्या मोठ्या नळांपुढे तो खर्च काही मोठा नव्हे.

धुळ्याकडे पांझरा नदीच्या काठी फडांची जुनी पद्धत आहे. बंधाऱ्याखालील शेतांचे फड पाडून प्रत्येक फडात एकच पीक घ्यावयाचे, आणि पाणी गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने सोडावयाचे. बंधाऱ्यात पाणी थोडे असले म्हणजे सर्वांनी मिळून कमी फड भिजवावयाचे. तूट एकट्याच्या शेतावर पडत नाही, ही तिच्यातील खरी खुबी होय.

सूर्येच्या खोऱ्यातही हेच व्हावे. प्रथम धरणाभोवतीच्या पाड्यांचे पिण्याचे पाणी बाजूस काढावे. मग तुटीच्या वर्षी शहर, कारखाना व शेत ह्यांनी सारख्याच प्रमाणात कपात सोसावी. जलाशयात नौका चालवून सहलीस आलेल्यांचे मन रमवावे, ह्यासही आमची हरकत नाही. मात्र नौका स्थानिक तरुणांच्या हाती असाव्यात, आणि त्यांच्यासाठी पाणी अडवून कालवा कोरडा ठेवू नये.

धरणात पाणी किती उरले व कोणास किती दिले, हे दरमहा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहिले जावे. ते वाचून घरी सांगणारी मुले आता पाड्यापाड्यांत आहेत.