आडनाव विचारण्याआधी

नाताळात मराठी ख्रिस्ती घरांतून शेजारीपाजारी जाणारे ताट हे आपल्या सलोख्याचे सगळ्यांचे लाडके चित्र आहे. केकचे तुकडे, करंज्या, शंकरपाळे, कलकल, वर क्रोशाचा रुमाल. दिवाळीला शेजारून आलेल्या फराळाची परतफेड त्यात असते आणि तो हिशेब गोडच आहे. पण हे स्वागत तसे सोपे. पाहुणा उंबऱ्यापलीकडचा, त्याला आपल्या घरात मुक्काम करायचा नसतो. मंडळीची परीक्षा होते ती रविवारी. कोणाच्या ओळखीशिवाय आलेला माणूस शेवटच्या बाकावर बसतो आणि पुढच्या रविवारीही येतो, तेव्हा.

उपासना सुटल्यावर चर्चच्या अंगणात काय होते हे तिथे वावरणाऱ्यांना सांगायला नको. ‘आडनाव काय आपलं?’ मग ‘मूळ गाव कुठलं?’ आणि आडनावाने काहीच पत्ता लागू दिला नाही तर ‘कोणत्या मिशनचे तुम्ही?’ विचारणारा वाईट नसतो. हातात चहाचा कप देऊनच तो विचारतो. पण तीन उत्तरांत समोरच्याच्या पणजोबांची जात, ते कोणत्या तालुक्यात कोणत्या मिशनऱ्याकडे गेले असतील आणि मुलाबाळांच्या सोयरिकीला हे घर चालेल का, एवढा सगळा उलगडा त्याला झालेला असतो. त्यानंतर एक तर फोन नंबर मागितला जातो, नाही तर ‘या हं पुन्हा’ म्हणून निरोप दिला जातो. दोन्हींतला फरक नव्या माणसाला बरोबर कळतो.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. सरकारदरबारी त्याची ती जात बाप्तिस्म्यासरशी संपते. मंडळीच्या अंगणात मात्र ती विनादाखला चालते. हे कोणा टीकाकाराचे कुजकट बोलणे समजू नये. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ साली दलितांविषयीचे आपले धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चमध्ये जातिभेद आहे आणि तो पाप आहे, हे त्यांनी स्वतःच मान्य केले. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात तर हा बाकांचाच प्रश्न आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला ‘तू तिथे उभा राहा’, असे करणाऱ्यांना त्याने चांगले खडसावले आहे. हे पत्र आपल्याकडे वाचले जाते, आणि वाचून झाल्यावर सगळे आपापल्या जागी बसतात.

चहा पाजला म्हणजे स्वागत झाले, ही समजूत पुण्यात १८९० साली चांगलीच महागात पडली होती. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे, गोखले अशी बडी मंडळी जमली आणि चहा-बिस्किटे पुढे आली. पुढे नावे छापून आली, ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. ही गोष्ट आपण कर्मठांच्या फजितीची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण यजमानाच्या बाजूनेही तिच्याकडे पाहावे. चहा त्याने दिला. बहिष्काराचा धाक मात्र पाहुण्याच्या वाट्याला आला. ज्याच्याकडे दार उघडण्याची सत्ता आहे त्याला आत येणाऱ्याच्या मागे काय काय तुटते, हे सहसा दिसत नाही.

या मिशनच्या कामात असलेल्या भगिनींचा मूळ मठ इंग्लंडात वाँटेज येथे. लहानग्या मनोरमेला घेऊन पंडिता रमाबाई १८८३ साली तिथे उतरल्या. परक्या देशात, हाताशी पैसा नसलेल्या विधवेला त्या भगिनींनी आसरा दिला, शिकवले, मुलीला जीव लावला. त्या प्रेमात खोट नव्हती. तिथेच रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, आणि मग कुरबुर सुरू झाली. रमाबाई शाकाहार सोडेनात. त्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डिनना त्यात जातीचा अभिमान दिसला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्याकडे संस्कृत असताना, असे रमाबाईंनी विचारले. तोही हट्टच ठरला. दोघींमधली या वादाची पत्रे आज छापलेली आहेत आणि ती वाचताना दोन्ही बायकांबद्दल माया वाटते. पण पाहुणीने यजमानीणबाईंसारखे जेवावे, प्रार्थनेच्या खुणाही त्यांच्याच मानाव्यात, ही अपेक्षा एवढ्या चांगल्या माणसांनाही सोडवली नाही.

पुढे रमाबाईंनी स्वतः घर मांडले तेव्हा हे त्यांच्या लक्षात राहिले असावे. १८८९ साली मुंबईत सुरू झालेल्या शारदा सदनात हिंदू विधवांना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. आता याचीही दुसरी बाजू सांगायला हवी. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या आणि १८९३ साली सदन पुण्यात असताना मोठा गहजब झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या मायेच्या आत गळ आहे की काय, ही शंका तेव्हाही होती आणि आजही प्रत्येक नाताळच्या ताटाभोवती कोणी ना कोणी ती घेतेच. ती शंका निव्वळ द्वेषातून येते, असे म्हणून झटकता येणार नाही. परतीची वाट मोकळी ठेवून केलेले स्वागतच तिला उत्तर देऊ शकते.

ते उत्तर मराठीत एकाने देऊन पाहिले. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात त्या ख्रिस्ती वस्तीत राहायला आल्या त्या आपले सोवळे आणि आपले पाणी घेऊन. ‘स्मृतिचित्रे’त हा सगळा संसार त्यांनी हसत हसत सांगितला आहे. सोवळे सुटले ते लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात सारखी जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबाराला तसा दुसरा कर्ता मिळाला नाही. मराठी मंडळींनी टिळकांची भजने घेतली, पाठ केली. दरबार मात्र शताब्दीच्या भाषणांपुरता ठेवला.

मिस्सेत शांतीची देवाणघेवाण असते. १९६९ साली रोमने भारतातल्या उपासनेसाठी काही देशी पद्धतींना संमती दिली, तेव्हापासून ती आपण हात जोडून करतो. हे चांगलेच झाले. मात्र नमस्काराची एक सोय अशी की त्यात स्पर्श टळतो. त्याच संमतीत दुसराही प्रकार होता: देणाऱ्याने आपले हात समोरच्याच्या दोन्ही हातांत ठेवायचे. तो का रुजला नाही, याचा विचार ज्याने त्याने आपल्या धर्मग्रामापुरता करावा. शिवाय ही शांती साधारण दोन बाकांपर्यंत पोहोचते: पुढे काकू, मागे चुलतभाऊ, शेजारी आपलीच बायको. शेवटच्या बाकावरचा नवखा माणूस हात जोडून इकडे तिकडे पाहतो आणि तेवढ्यात पुढची प्रार्थना सुरू होते.

हल्ली अनोळखी चेहऱ्याची भीती वाटते, असे पाळक आणि पंच सांगतात. प्रार्थनासभांत शिरून दमदाटी होते, कोणी मोबाइलवर चित्रण करतो, दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत खुलासे देत बसावे लागते. ही भीती खरी आहे आणि तिला हसण्याचा हक्क सुरक्षित घरात बसलेल्यांना नाही. पण आडनावाचा प्रश्न या भीतीपेक्षा पुष्कळ जुना आहे. त्याचे बिल तिच्या नावावर फाडू नये.

सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टने मठाच्या नियमावलीत दरवानावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. दारात कोण असावे? वयाने मोठा, शहाणा, निरोप घेता-देता येणारा आणि इकडे तिकडे भटकण्याची खुमखुमी संपलेला माणूस. दार वाजले की त्याने आधी देवाचे आभार मानायचे, मग तत्परतेने आणि प्रेमाने उत्तर द्यायचे. आपल्याकडे दारात उभे राहायचे काम युवक मंडळातल्या सर्वांत नव्या पोराकडे असते. त्याच्या हातात अर्पणाची पाकिटे असतात आणि सणाच्या दिवशी बिशपसाहेब आले की हार. वयाने मोठी, शहाणी माणसे पहिल्या दोन बाकांवर बसलेली असतात आणि त्यांची पाठ दाराकडे असते.