कोटेशन नको, प्रस्ताव लिहा

वेबसाइट बनवणाऱ्याला काम मिळतं ते त्याच्या लिहिण्यावर, असं माझं स्पष्ट मत आहे. कोडिंग यायला हवं, ती अट आहेच. पण ग्राहक काम देण्याआधी तुमचं कोड बघत नाही, आणि बघितलं तरी त्याला ते वाचता येत नाही. त्याच्या हातात असतात तुम्ही लिहिलेली दोन-तीन पानं. चाळीस-पन्नास हजार रुपये या माणसाच्या हवाली करायचे की नाही, हे तो त्या पानांवरूनच ठरवतो.

हे मी आपल्या मंडळाच्या अंकात लिहितेय, कारण आपल्यापैकी अनेकांना घरून एकच प्रश्न विचारला जातो: 'मराठी घेऊन पुढे काय करणार?' मलाही विचारला गेला. बी.ए. संपवून मी घरी ग्वाल्हेरला परतले, वेबचं काम शिकले, आणि गेली चार वर्षं त्यावरच माझं चाललंय. कोडिंगमध्ये माझ्याहून हुशार मुलं आमच्याच गल्लीत तीन-चार तरी निघतील. तरीही कामं मला मिळतात. त्याचं श्रेय मी पत्रलेखनाला देते.

आमचा मोहल्ला शिंदे की छावनी. पाटीवर 'छावनी', घरात आजीच्या तोंडी 'छावणी'. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ दिला. तो तळ काही उठला नाही, आणि त्याचंच 'लष्कर' नावाचं शहर झालं. माझे ग्राहक याच लष्करातले: गजकवाले, कोचिंग क्लास, साड्यांची दुकानं, दातांचे डॉक्टर, गाण्याचे वर्ग. मराठी घरं मोजकी, बाकी सगळा हिंदी कारभार. पण पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: 'कितने में बन जाएगी?'

या प्रश्नाला नुसत्या आकड्याने उत्तर दिलं की झालं कोटेशन. कोटेशन वस्तूचं असतं. दहा खुर्च्या, अमुक लाकूड, तमुक भाव. वेबसाइट अजून अस्तित्वातच नसते, त्यामुळे तिचा भाव सांगण्याआधी ती नेमकी कशासाठी हवी हे दोघांना सारखंच समजलेलं असावं लागतं. ती समजूत कागदावर उतरवणं म्हणजे प्रस्ताव.

बहुतेक प्रस्ताव मात्र स्वतःबद्दलच बोलत राहतात. 'आम्ही अत्याधुनिक, दर्जेदार, रिस्पॉन्सिव्ह आणि एसईओ-फ्रेंडली वेबसाइट बनवतो.' हे वाक्य गजकवाल्याला पाठवा, डेंटिस्टला पाठवा, कुठेही बसतं. आणि जे कुठेही बसतं ते वाचणाऱ्याला आपलं वाटत नाही. निबंधाच्या वहीत आपण असं ढोबळ वाक्य लिहिलं असतं तर सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली असती.

एक उदाहरण देते. इथे एक काका ग्वाल्हेर घराण्याचं गाणं शिकवतात. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतासाठी सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं, तेव्हापासून त्यांच्या मनात वर्गाच्या वेबसाइटचं होतं. त्यांनी तिघांना विचारलं. एकाने व्हॉट्सॲपवर एका ओळीत उत्तर दिलं: पंधरा हजार, सात दिवस. दुसऱ्याने बारा पानांची रंगीत पीडीएफ दिली, त्यात शॉपिंग कार्टसुद्धा होतं. काकांना विकायचं काहीच नव्हतं.

मी आकडा सांगायच्या आधी तासभर बसून नुसतं विचारत राहिले. हल्ली नवे विद्यार्थी तुमच्यापर्यंत कसे येतात? आल्यावर सगळ्यांत आधी काय विचारतात? कोणत्या कामाचा तुम्हाला सगळ्यांत जास्त वैताग येतो? वेबसाइट झाल्यावर तिच्यावरची माहिती कोण बदलणार? सहा महिन्यांनी काय झालं तर तुम्ही म्हणाल की पैसे वसूल झाले? हे पाच प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. काकांशी बोलणं मराठीत झालं, म्हणून प्रस्तावही मराठीत लिहिला. पहिला परिच्छेद साधारण असा होता:

'वर्गाच्या वेळा विचारायला तुम्हाला रोज रात्री फोन येतात आणि त्यात रियाज मोडतो. परगावच्या पालकांना फी कुठे भरायची ते कळत नाही. वडिलांच्या जुन्या कॅसेट लोकांना ऐकवाव्यात असं तुम्हाला वाटतं, पण त्या कुणी उतरवून घेऊ नयेत, हीही काळजी आहे.'

यात माझी स्तुती नाही, तंत्रज्ञानाचा एक शब्दही नाही. पुढे प्रत्येक अडचणीसमोर तिचा उपाय लिहिला: वेळापत्रकाचं पान, जे काकांची सून मोबाइलवरून बदलू शकेल; फी भरण्याची सोय आणि पावती; आणि ध्वनिमुद्रणांचा विभाग. या शेवटच्या मुद्द्यावर मी लिहिलं, 'जे ऐकू येतं ते कुणी रेकॉर्ड करणारच नाही, अशी खात्री कोणतीही वेबसाइट देऊ शकत नाही. म्हणून पूर्ण कॅसेट न ठेवता दोन-दोन मिनिटांचे तुकडे ठेवावेत, असं मी सुचवते.'

माझा आकडा अडतीस हजार होता, म्हणजे पहिल्याच्या दुपटीहून जास्त. काम मला मिळालं. का दिलंत, असं नंतर विचारलं तर काका म्हणाले, 'बाकीचे सगळ्याला हो म्हणत होते. तू एका गोष्टीला नाही म्हणालीस.'

हे 'नाही' प्रस्तावात लिहिणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आपल्या भाषेत ही समज जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी एक छोटी मुद्रा असे, तिला मोर्तब म्हणत. तिच्यावर अक्षरं होती 'मर्यादेयं विराजते'. मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही वाढवू नये, असा तिचा अर्थ. 'लेखनसीमा' हा शब्दही त्याच घरातला. ज्याला आज आयटीवाले 'स्कोप' म्हणतात, ती हीच मर्यादा.

माझ्या प्रत्येक प्रस्तावात म्हणून एक ठळक मथळा असतो: 'या कामात काय नाही'. त्याखाली साध्या वाक्यांत लिहिते. मजकूर आणि फोटो तुम्ही द्यायचे, मी फक्त तपासून देईन. डिझाइनमध्ये दोनदा बदल करून मिळतील, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. फेसबुक-इन्स्टाग्राम सांभाळणं यात नाही. गूगलवर पहिला क्रमांक मिळेल असं वचन नाही, कारण ते कुणाच्याच हातात नाही. मैत्रिणी म्हणतात, 'असं लिहिलंस तर ग्राहक पळेल.' माझा अनुभव उलटा आहे. काय मिळणार नाही हे आधीच लिहून देणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांवर माणूस लवकर विश्वास ठेवतो.

मर्यादा न आखण्याचे परिणाम मोठमोठ्यांनाही भोगावे लागलेत. अमेरिकी सरकारने आरोग्य विम्यासाठी हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू केलं. पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पूर्ण करता आली ती फक्त सहा जणांना. तिथे पैसा कमी नव्हता आणि इंजिनिअरही कमी नव्हते. नंतरच्या चौकशांत पुढे आलं ते असं: शेवटपर्यंत बदलत राहिलेल्या मागण्या, आणि नेमकी जबाबदारी कुणाची याचा गोंधळ. आमच्या लष्करातल्या साडीच्या दुकानाची साइट अडकते तीही याच दोन कारणांनी, फक्त शून्यं कमी असतात.

दुसरी गोष्ट मालकीची. डोमेन, होस्टिंग आणि त्यांचे पासवर्ड कुणाच्या नावावर राहणार, हे प्रस्तावातच लिहायला हवं. मी लिहिते: सगळं ग्राहकाच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर. 'सध्या माझ्या नावावर घेतो, नंतर बदलू' हे वाक्य फार महागात पडतं. आमचा मोहल्लाच त्याचा साक्षीदार आहे. तात्पुरती छावणी म्हणता म्हणता दोनशे वर्षं उलटून गेली! एका छोट्या कोचिंग क्लासचं डोमेन असंच आधीच्या डेव्हलपरच्या नावावर होतं. तो गाव सोडून गेला, फोन बदलला, आणि क्लासला आठ वर्षांचं नाव सोडून नवं घ्यावं लागलं. प्रस्तावातल्या एका ओळीने हे टळलं असतं.

पैशांबद्दल लिहिताना आपण मराठी माणसं उगाच संकोचतो. 'तुम्ही समजून द्या' म्हणणं हा नम्रपणा नाही, त्यातून भांडणंच उभी राहतात. मी तीन हप्ते लिहिते: करार झाल्यावर ४० टक्के, डिझाइन पसंत पडल्यावर ३०, साइट सुरू झाल्यावर ३०. डोमेन-होस्टिंगचा खर्च दरवर्षी येणार, तो वेगळा दाखवते, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला धक्का बसत नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही. नोंदणी असेल तर १८ टक्के कर स्वतंत्र ओळीत यायला हवा. आणि शेवटी, 'हा प्रस्ताव ३० दिवसांपर्यंत लागू.' ही ओळ नसेल तर दीड वर्षाने कुणीतरी तोच कागद घेऊन दारात उभा राहतो.

आता माझ्या म्हणण्यावरचे दोन आक्षेप. पहिला: लोक शेवटी स्वस्तच बघतात. काही लोक बघतात, खरं आहे. सरकारी निविदांत तर पुष्कळदा नियमच तसा असतो. तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांत ज्याचा दर सगळ्यांत कमी, तो 'एल-वन', आणि काम त्याचं. तिथे शैलीला वाव नाही. पण दुकानदार, डॉक्टर, शिक्षक यांना फसवलं जाण्याची भीती भावापेक्षा मोठी असते. ज्याला कोडमधलं काही कळत नाही तो माणूस आपला पैसा अंधारात टाकत असतो. चांगला प्रस्ताव त्याला थोडा उजेड देतो. एवढं करूनही तो स्वस्तातल्याकडे गेला तर जाऊ द्यावा. पंधरा हजारांत अडतीस हजारांचं काम करून देणं म्हणजे जिंकणं नव्हे.

दुसरा आक्षेप: आता चॅटजीपीटी एका मिनिटात प्रस्ताव लिहून देतं, मग तुमच्या मराठीचं काय? शुद्धलेखन तपासायला, मुद्दे सुटले का बघायला मीही त्याची मदत घेते. पण काकांना रात्री फोन येतात हे त्याला कसं कळणार? ते समोर बसून, चहा थंड होईपर्यंत ऐकून घेतल्यावरच कळतं. आणि सगळेच एका मिनिटात लिहायला लागल्यापासून सगळे प्रस्ताव एकसारखे दिसू लागलेत. ग्राहकाच्या स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं पान त्या गठ्ठ्यात पटकन नजरेत भरतं.

मराठीच्या वर्गात आपण नेमकं हेच शिकतो. समोरच्याचं बोलणं लक्ष देऊन ऐकायचं, कोण वाचणार आहे हे ओळखून भाषा ठरवायची, फापटपसारा कापायचा, एका वाक्याचे दोन अर्थ निघत नाहीत ना ते तपासायचं. गजकवाल्यासाठी मी हिंदीत लिहिते आणि 'रिस्पॉन्सिव्ह'च्या जागी 'मोबाइल पर ठीक दिखेगी' म्हणते. जुन्या दरबारांत हे काम चिटणीस करत. आज ते करणारी माणसं बाजारात फार कमी आहेत, आणि आपण मात्र आपली पदवी बिनकामाची समजून बसलोय.

म्हणून मंडळाला एक सुचवावंसं वाटतं. पुढच्या पत्रलेखन स्पर्धेत 'आजोबांना पत्र' या विषयाच्या जोडीला एक खरा ग्राहक ठेवा: कॅन्टीनवाले, झेरॉक्सवाल्या ताई किंवा शेजारचं वाचनालय. स्पर्धकांनी त्यांच्याशी अर्धा तास बोलावं आणि दोन पानांचा प्रस्ताव लिहावा. 'काय नाही' हा मथळा सक्तीचा करावा. आणि परीक्षक म्हणून प्राध्यापकांच्या शेजारी त्या झेरॉक्सवाल्या ताईंनाच बसवावं. निकाल त्यांनी द्यावा.