हात लावला की चाल

आमच्या शाळेत व्हिडिओ गेम आणायला बंदी आहे. तो वेळ खातो, डोळे बिघडवतो, असं मोठ्यांचं मत असतं. मला वाटतं, खरा धोका वेगळाच आहे.

बाबांची बदली तमिळनाडूत कुंभकोणमला झाली आहे. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे होतो. दुपारी बाहेर पाय टाकवत नव्हता, तमिळ येत नव्हतं आणि मित्रही नव्हते. ताईचा जुना, हातात मावणारा व्हिडिओ गेम सापडला. त्यात बुद्धिबळ होतं. मी रोज पाच-सहा डाव हरायचो. यंत्र कंटाळलं नाही, हसलंही नाही. महिन्याभरात किल्लेकोट कधी करायचा, घोड्याने एकाच वेळी दोन मोहऱ्या कशा पकडायच्या, हे मला समजलं. एवढे डाव नवशिक्याबरोबर कोणता माणूस खेळेल?

कुंभकोणमपासून जवळच्याच मयिलाडुतुरैला 1969 मध्ये विश्वनाथन आनंद यांचा जन्म झाला. बुद्धिबळ त्यांना आईने शिकवलं. पुढे ते मनिलात राहत असताना टीव्हीवर बुद्धिबळाची कोडी लागत. आनंद शाळेत असले की आई ती उतरवून ठेवायची आणि मग दोघं मिळून सोडवायची. म्हणजे पडद्यावरून शिकण्यात कमीपणा नाही. पण त्यांच्या शेजारी आई बसलेली होती. माझ्या शेजारी कोणी नव्हतं.

माझ्या गेममध्ये मोहऱ्याला स्पर्श केला की ती जिथे जाऊ शकते ती घरं उजळतात. नको असेल तर दुसरीला स्पर्श करायचा. चाल चुकली तर परत घेण्याचं बटण आहेच. तिथे हात लावणं म्हणजे फक्त विचारणं. पटावर हात लावणं म्हणजे शब्द देणं. हा फरक मला शिकवायचा राहून गेला.

ऑगस्टमध्ये हाऊस मॅचमध्ये माझ्यासमोर सातवीतला एक कॅडेट होता. मी वजीर उचलला आणि तेवढ्यात त्याचा उंट दिसला. मी वजीर परत ठेवला आणि म्हणालो, "नीट ठेवत होतो." नियमाप्रमाणे ते आधी सांगायचं असतं. त्याने पाहिलं होतं. मी सीनियर, म्हणून तो बोलला नाही. डाव मी जिंकलो.

1994 मध्ये लिनारेसला कास्पारोव्हने घोडा एका घरात ठेवला, क्षणभर सोडला आणि उचलून दुसऱ्या घरात नेला. समोर सतरा वर्षांची युडिट पोल्गार होती. तीही त्या वेळी काही बोलली नाही. कॅमेऱ्यात मात्र ते दिसलं. आमच्या मॅचला कॅमेरा नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या आजोबांनी मला पटावर बसवलं. ते तंजावरकडच्या मराठी कुटुंबातले. त्यांची मराठी ऐकायला वेगळी, पण कळते. मी हत्तीला हात लावला आणि घोडा उचलू लागलो. ते रागावले नाहीत. नुसतं हत्तीकडे बोट दाखवून थांबले. मी हत्ती हलवला आणि हरलो. घरी येताना मला तो सातवीतला मुलगा आठवत होता.

म्हणून माझं मत असं : मनोरंजनाच्या तासाला बुद्धिबळाचा गेम वापरायला परवानगी द्यावी. पण दोन अटींवर. चाल परत घ्यायची सोय वापरायची नाही. आणि यंत्राबरोबर जितके डाव, त्यातला निदान एक समोर माणूस बसवून, लाकडी पटावर. आपण पुढे ज्या नोकरीचं स्वप्न बघतो, तिथे दिलेला हुकूम परत घेण्याचं बटण नसतं. आपली चूक झाकायला ज्युनियरची भीती वापरायची सवय तर मुळीच चालणार नाही.

शाळेत परत आल्यावर मी हाऊसमास्तर सरांना सगळं सांगितलं. मग त्या कॅडेटलाही भेटलो. "मला माहीत होतं," एवढंच तो म्हणाला आणि पट मांडायला लागला. या वेळी तो जिंकला.