एसी चालतो, दांडा चालत नाही

पप्पांना दवाखान्यातून घरी आणलं तो दिवस मला उंबरठ्यामुळं आठवतो. ॲम्ब्युलन्स वसमत रोडवरून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली. तिथून व्हीलचेअरवर घरापर्यंत आणलं. आणि मग तीन पायऱ्या. त्या तीन पायऱ्यांवर मी लहानपणी बसून अभ्यास केलाय, आईनं त्यांवर गहू वाळवलेत. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, त्या पायऱ्या आहेत. चौघांनी खुर्ची उचलली, आत नेली. आत गेल्यावर दुसरा शोध लागला. खुर्ची संडासाच्या दारातून जात नाही.

दार दोन फुटांचं. खुर्ची त्याहून रुंद. आत भारतीय पद्धतीचं भांडं, तेही एक पायरी वर. डाव्या अंगाला लकवा झालेला माणूस तिथं बसणार कसा आणि उठणार कसा, याचा विचार ते घर बांधताना कुणी केला नव्हता. आम्हीही घर भाड्यानं घेताना केला नव्हता. आपण भाडं बघतो, पाणी किती दिवसांनी येतं ते बघतो, गाडी लावायला जागा आहे का ते बघतो.

फिजिओथेरपीच्या सरांनी साधी यादी दिली होती. संडासात दोन स्टीलचे दांडे, धरून उठायला. पायऱ्यांच्या कडेला एक रेलिंग. जमलं तर कमोड. मी ती यादी घेऊन वरच्या मजल्यावर घरमालक काकांकडं गेले. काका वाईट माणूस नाही. पप्पा दवाखान्यात होते तेव्हा काकूंनी आठ दिवस डबा दिलाय आम्हाला. पण यादी बघून ते म्हणाले, "बाई, टाइल्सला होल पाडायचं नाही. फुटल्या तर कोण भरून देणार? अन् उद्या तुम्ही गेलात की नवीन भाडेकरू म्हणंल, हे दवाखान्यावानी काय लावून ठेवलंय?"

त्यावर मी काही बोलले नाही. खरं तर बोलता आलं नाही. घर त्यांचं.

मग घरोघरी होतो तो जुगाड झाला. प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध गोल भोक, खाली बादली, भोवती जुन्या साडीचा पडदा. पप्पा नव्या मोंढ्यात आडतीवर मुनीम होते. वीस वर्षं लोकांचा हिशोब ठेवलेला माणूस. त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणं बंद केलं. परभणीचा एप्रिल, पारा चाळिशीच्या वर, आणि हा माणूस पाणी पीत नाही. का, तर रात्री बायकोला उठवावं लागू नये. डॉक्टर विचारायचे, लघवी एवढी पिवळी का? आम्ही तिघंही गप्प.

आता खरी गोष्ट. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या खोलीतल्या भाडेकरूंनी एसी बसवला. बँकेतलं नवराबायकोचं जोडपं. माणूस आला, मोठी ड्रिल मशीन लावली, भिंतीला आरपार भोक पाडलं, बाहेर लोखंडी अँगल ठोकला. काका स्वतः खाली उभं राहून सांगत होते, जरा डावीकडं घ्या. मला काकांचा राग आला नाही, खरंच सांगते. मला प्रश्न पडला. एसीचं भोक चालतं आणि दांड्याचे चार स्क्रू का चालत नाहीत?

पत्रकारितेत शिकवतात, प्रश्न पडला की कागद शोधा. मी कागद शोधला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. लागू झाला ३१ मार्च २००० ला, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी. त्यापूर्वी आपल्या मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा घरभाड्याचा कायदा चालायचा. तर या १९९९ च्या कायद्याचं कलम १६. घरमालक भाडेकरूला कोणत्या कारणांनी बाहेर काढू शकतो, ते यात आहे. त्यातलं एक कारण असं की घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूनं कायमस्वरूपी बांधकाम केलं तर. ठीक आहे, रास्त आहे. पण खाली एक स्पष्टीकरण दिलंय. कायमस्वरूपी बांधकामात काय काय धरायचं नाही, त्याची यादी. लाकडी पार्टिशन. स्वयंपाकाचा उभा ओटा. दार. जाळी. हवेसाठी खिडकी. फॉल्स सीलिंग. एअर कंडिशनर. एक्झॉस्ट. धुराडं.

मी ती यादी तीनदा वाचली. रॅम्प नाही. रेलिंग नाही. धरायचा दांडा नाही. कमोड नाही.

फॉल्स सीलिंग आहे!

कुणी वकील मित्र म्हणेल, अगं, दोन स्क्रूंवर बसणारा दांडा कोर्टात 'बांधकाम' ठरणारही नाही. असेलही. पण संडासाच्या दांड्यासाठी कोर्टापर्यंत कोण जाणार? यादीत नाव असण्याचा उपयोग कोर्टात कमी आणि जिन्यात जास्त असतो. "काका, हे बघा, कायद्यातच लिहिलंय" एवढं म्हणायला तरी तो कागद लागतो. ती यादी बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर भाडेकरू होता. त्याला गरम होतं, त्याच्या स्वयंपाकघरात धूर होतो, हे त्यांना दिसलं. तो पडू शकतो, हे दिसलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या यादीत चार शब्द वाढवा. दिव्यांग किंवा दीर्घ आजारी माणसासाठी लागणारे दांडे, रेलिंग, रॅम्प आणि संडासातले बदल. आणि नुसतं 'बांधकाम धरू नये' नको. योग्य कारणाशिवाय घरमालकानं नाही म्हणू नये, असं स्वच्छ लिहा.

आपल्याकडं दिव्यांगांसाठी कायदा नाही असं नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा चांगला जाडजूड आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ आहेत. इमारती कशा असाव्यात याचे निकष आहेत, आणि ते पाळले नाहीत तर इमारतीला पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, असं कलम ४४ सांगतं. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी प्रकरणात सरकारला सुनावलं की हे निकष 'करावं, जमलं तर' अशा भाषेत ठेवून चालणार नाही, किमान काही नियम सक्तीचेच करा. हे सगळं छान. पण हा सगळा विचार कलेक्टर ऑफिस, बँक, बसस्टँड, नवीन इमारत यांच्याभोवती फिरतो. गल्लीतल्या दोन खोल्या आणि मागं पत्र्याचा संडास, या घरात राहणाऱ्या भाडेकरूपर्यंत तो येता येता थांबतो.

घरकुलाचं काय, असं विचाराल. त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ३७ नं घरांच्या योजनांमध्ये ५ टक्के आरक्षण दिलंय, दिव्यांग महिलांना प्राधान्य आहे. शहरी आवास योजनेत तळमजला देताना दिव्यांगांना आणि ज्येष्ठांना आधी विचारायचं असतं. पण हे आरक्षण घर *मिळण्याचं* आहे. मिळालेलं घर आतून तेच असतं, तेच दोन-अडीच फुटांचं दार, तीच मोरी. शिवाय स्वतः बांधायच्या घरकुलाला स्वतःची जागा लागते. आमच्याकडं जागा असती तर आम्ही भाड्यानं कशाला राहिलो असतो?

म्हणून मला सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधला एक भाग महत्त्वाचा वाटतो. परवडणारी भाड्याची घरं. सरकारी मदतीनं भाड्यासाठीच बांधलेली. याआधी २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये मजूर पायी गावाकडं निघाल्यानंतर, अशीच भाड्याच्या संकुलांची योजना आली होती. आपल्यासारख्या शहरात अशी घरं उभी राहतील तेव्हा राहतील. पण त्यांचे नकाशे होतील त्याच दिवशी दार ९०० मिलिमीटरचं काढलं, म्हणजे साधारण तीन फूट, तर जास्तीचा खर्च जवळपास शून्य. तेच दार नंतर फोडून मोठं करायचं म्हणजे गवंडी, चौकट, धूळ आणि घरमालकाचं तोंड. संडासाच्या भिंतीत दांडा पेलेल अशी पक्की वीट आधीच घाला. दांडा लागेल त्यानं लावावा. आणि एक पोटमेख ध्यानात ठेवा. सरकारच्या किंवा महापालिकेच्या मालकीच्या जागांना भाडे नियंत्रण कायदा लागूच होत नाही. म्हणजे तिथं ती एसीवाली यादीसुद्धा नाही. तिथला नियम तिथल्या करारातच लिहावा लागेल.

रॅम्पचं एक सांगायचंय, कारण सगळे 'रॅम्प करा' म्हणून मोकळे होतात. मीही आधी तेच म्हणायचे. निकष असा की एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा. आमच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट. म्हणजे रॅम्प अठरा फुटांचा. आमची गल्ली दहा फुटांची! अठरा फुटांचा रॅम्प काढला तर तो समोरच्यांच्या ओट्यावर जाऊन संपेल. आणि कमी जागेत ठोकून बसवलेला उभा रॅम्प पायरीपेक्षा धोकादायक, खुर्ची मागं घसरते. तेव्हा प्रत्येक घराचं उत्तर वेगळं असणार. आमच्याकडं पायऱ्यांची उंची निम्मी करून दोन्ही बाजूंना रेलिंग, एवढ्यात काम झालं असतं. पप्पा आता काठीनं चालतात, त्यांना उतार नकोच आहे, धरायला हवंय. हे ठरवायला कुणीतरी जाणकार माणूस घरी येऊन बघायला हवा. इंग्लंडमध्ये नगर परिषदा यासाठी अनुदान देतात, कमाल ३० हजार पाउंड, आणि भाडेकरूही अर्ज करू शकतो. आधी माणूस घर बघून जातो, मग काम ठरतं.

पैसे कुठून आणायचे? आहेत. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, हा आपल्या राज्याचा नियमच आहे. बऱ्याच ठिकाणी तो पैसा थोडा थोडा सगळ्यांच्या खात्यात टाकून हिशोब मिटवला जातो. रोख नको असं मी म्हणणार नाही. संजय गांधी निराधार योजनेतली दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार करायचं ठरलं, तेव्हा कित्येक घरांत खरंच दिवाळी झाली असेल. पण अडीच हजारातून भाडं भागवून गवंडी लावता येत नाही. त्या ५ टक्क्यांतला एक हिस्सा 'घरातले बदल' म्हणून वेगळा ठेवा. स्टीलचा दांडा काही शेकड्यांत मिळतो. सरकार शिबिरात व्हीलचेअर फुकट वाटतं, फोटो छापून येतो, आम्हीच छापतो. ती खुर्ची घरी गेल्यावर दाराबाहेर उभी राहते आणि तिच्यावर कपडे वाळत पडतात. त्याचा फोटो कुणी मागत नाही.

काकांच्या टाइल्सचं उत्तरही द्यायला हवं, कारण त्यांची भीती खोटी नाही. त्यांनी कर्ज काढून घर बांधलंय, भाडं हीच त्यांची पेन्शन आहे. अमेरिकेत १९८८ पासून असा नियम आहे की भाडेकरू स्वतःच्या खर्चानं असे बदल करू शकतो, घरमालक अडवू शकत नाही. पण जाताना आतलं पूर्ववत करून दे, अशी रास्त अट तो घालू शकतो, त्यासाठी थोडे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायला सांगू शकतो. आपल्याकडं डिपॉझिट असतंच की. त्यात 'होल बुजवण्याचे' म्हणून हजारभर रुपये जास्त घ्या आणि ड्रिल चालवू द्या. मग तर झालं?

तरी एक अडचण राहतेच, आणि ती मला सोडवता आलेली नाही. आपल्यातले बहुतेक जण अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. करार लीव्ह अँड लायसन्सचा असेल तर कायद्याच्या भाषेत आपण भाडेकरूही नाही, मुदत संपली की घर खाली करायचं. करार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे, पण कितीजण करतात? हक्क सांगायला गेलात तर अकरा महिन्यांनंतर 'आमच्या पोराला खोली लागतेय' हे ऐकायला मिळतं. माझा एक मित्र कुबड्या वापरतो, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. तळमजल्याची खोली शोधताना त्यानं एवढी दारं वाजवली की शेवटी तो फोनवर कुबड्यांचं सांगायचाच बंद झाला. आधी चावी घ्यायची, मग दिसायचं. त्याची अभ्यासिका तिसऱ्या मजल्यावर आहे, हे वेगळंच.

आमचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. बाँडवर लिहिलेला, नोंदणी न केलेला. नवीन करारासाठी मी एक ओळ स्वतः लिहून काकांना दिलीय: 'भाडेकरूस संडासात दोन दांडे व पायऱ्यांना रेलिंग बसवण्यास मालकाची संमती आहे, घर सोडताना भाडेकरू स्वखर्चाने टाइल्स दुरुस्त करून देईल.' काकांनी चष्मा लावून दोनदा वाचली. म्हणाले, "ठेव इथं. पोराला दाखवतो." पोरगा पुण्याला असतो, शनिवारी येणार आहे.