औषध मोफत, पण यकृताची काळजी कोणाची?

क्षयरोगाचे औषध या देशात सरकार विनामूल्य पुरवते, ही सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची मोठी जमेची बाजू आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात असताना तिचे मोल कोणी कमी लेखू नये. परंतु रुग्णाच्या हाती गोळ्या पडल्या की शासनाचे कर्तव्य संपले, असे मानता येणार नाही.

नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे दिली जातात. त्यांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन यकृताला इजा करू शकतात. बहुतेकांना तशी गंभीर इजा होत नाही, हे खरे. पण ज्यांचे यकृत आधीच विकारग्रस्त आहे, त्यांना सावधगिरीने वागवले पाहिजे, हे वैद्यकशास्त्र सांगते.

येथेच प्रश्न बिकट होतो. यकृतात चरबी साठण्याचा विकार, ज्याला लोक ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात, तो बहुधा मुका असतो. दुखत नाही, खुपत नाही. तो मद्यप्यांचा किंवा सुखवस्तूंचाच आजार आहे, हा समजही खोटा आहे. मधुमेह आणि स्थूलता यांच्या जोडीने तो येतो, आणि मधुमेह आज झोपडपट्टीतही पोहोचला आहे. शिवाय मधुमेहामुळे क्षयरोगाचा धोकाही वाढतो. म्हणजे दोन्ही संकटे एकाच देहात एकत्र येण्याचा संभव पुष्कळ. पैसेवाला आपल्या रक्ताची तपासणी करून घेतो. रोजंदारीवरचा मजूर मात्र डोळे पिवळे झाल्यावरच दवाखान्यात पोहोचतो.

याचा अर्थ औषधाला भ्यावे असा मुळीच नाही. ते मनाने सोडले तर रोग बळावतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. इजा वेळीच ओळखली, तर डॉक्टर औषधे थांबवून, यकृत सावरल्यावर ती एकेक करून पुन्हा सुरू करू शकतात. भूक मरणे, सततची मळमळ, गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठावा, एवढे प्रत्येक रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. दारू, दुकानातून परस्पर घेतलेल्या तापाच्या गोळ्या आणि ‘निसर्गाचे आहे, अपाय कसा होईल’ म्हणून घेतलेले काढे यांविषयीही त्याला सावध करायला हवे.

क्षयरोग व मधुमेह यांच्या परस्पर तपासणीची चौकट सरकारने २०१७ साली आखली. २०२१ साली चरबीयुक्त यकृताचा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आणला. ही दोन्ही पावले योग्यच होती. आता त्यांचा सांधा जुळवला पाहिजे. मधुमेही, स्थूल किंवा मद्यपी क्षयरुग्णाच्या यकृताची रक्ततपासणी उपचारापूर्वी आणि उपचार चालू असताना, घराजवळच्या आरोग्यकेंद्रात, विनामूल्य झाली पाहिजे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. जे शासन औषध देते, त्याच्या परिणामांची जबाबदारीही त्याच शासनाची आहे.