गुरुवारची सुट्टी आणि प्रोजेक्टरचा दिवा

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. महावितरणची देखभाल-दुरुस्तीही बहुधा त्याच दिवशी. म्हणजे पिक्चर लावायचा दिवस आणि वीज जाण्याचा दिवस एकच! घरी प्रोजेक्टर घेणाऱ्याने जाहिरातीतल्या दिव्याच्या तासांआधी हे ध्यानात घ्यावे.

जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. तो भट्टीसारखा तापतो. बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ घरघरत राहतो. मध्येच वीज गेली की पंखा थांबतो, उष्णता आतच कोंडते आणि दिव्याचे आयुष्य घटते. लेझर आणि एलईडीला हा जाच फारसा नाही.

दुकानदार मात्र लेझरचे सांगतो ते २०,००० तास. रोज दोन तास धरले तर ती २७ वर्षे झाली. तोवर तेच यंत्र कोण ठेवणार? शिवाय हा आकडा बहुधा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा. ४,००० तासांचा दिवाही याच हिशेबाने पाच वर्षे पुरतो आणि उडाला तर बदलता येतो. लेझरचे तसे नाही. तो गेला की खर्च मोठा.

स्वस्त एलईडीच्या खोक्यावरचे ल्युमेन, म्हणजे उजेडाचे आकडे, तर सोडूनच द्या. ‘आन्सी’ (ANSI), म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेले, ल्युमेन किती, एवढेच विचारावे.

मोशीतल्या टू-बीएचकेच्या हॉलमध्ये पडदे ओढूनही दुपारचे ऊन शिरते. तिथे भरपूर उजेडाचा लेझर बरा. सेकंड शिफ्ट करून रात्री अंधाऱ्या खोलीत पाहणाऱ्याने दिव्याचाच घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत छोटा यूपीएस जोडावा.