गुपित फोडणाऱ्याची बाजू

जादूच्या खेळातलं गुपित कुणाला सांगू नये, असा जादूगारांचा जुना दंडक आहे. तो मी इतक्यांदा मोडला आहे, की आमच्या मित्रमंडळात आता मला कुणी रुमालसुद्धा उसना देत नाही.

माझं भांडवल तसं किरकोळ. काडेपेटी, काचेचा पेला, एक पोस्टकार्ड. पेला पाण्याने काठोकाठ भरायचा, वर कार्ड ठेवायचं आणि उलटा करायचा. पाणी सांडत नाही. मंडळी टाळ्या वाजवतात. मग मी सांगतो, की कार्ड खालून हवेच्या दाबाने धरलेलं आहे. टाळ्या थांबतात. रुमालात काडी गुंडाळून पाहुण्याच्या हातून मोडवतो आणि अखंड बाहेर काढतो. मोडलेली असते ती रुमालाच्या शिवणीत आधीच घातलेली दुसरी. हेही सांगतो. बी.कॉम. झाल्याचा एकमेव घरगुती उपयोग म्हणजे आकड्यांचा खेळ. तीन आकडी संख्या मनात धरा, पहिल्या-शेवटच्या आकड्यांत निदान दोनचा फरक हवा. ती उलटी करा, मोठीतून लहान वजा करा, उत्तर उलटं करून त्यातच मिळवा. ७३२ मधून २३७ गेले, राहिले ४९५. त्यात ५९४ मिळवले, झाले १०८९. कुठलीही संख्या घ्या, १०८९ च. आमच्या मेव्हण्यांना मी मनकवडा वाटलो होतो. दुसऱ्यांदाही १०८९ आल्यावर ते सोफ्यावरून उठून गेले.

"तुम्ही लोकांची मजा घालवता," असं आमच्या एका स्नेह्यांचं म्हणणं. "जादूगार रघुवीर स्टेजवर गुपितं फोडत बसले असते, तर कोण आलं असतं?"

मुद्दा बिनतोड दिसतो, पण हिशेबात चूक आहे. रघुवीरांनी नावामागेच 'जादूगार' लावलं होतं. प्रेक्षक तिकीट काढून फसायला जायचा आणि फसून खुशीत घरी यायचा. व्यवहार चोख. माझी तक्रार आहे ती तिकीट न छापता प्रयोग करणाऱ्यांबद्दल, आणि 'कशाला कुणाची श्रद्धा दुखवा' म्हणत त्यांच्या गुपिताची राखण करणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या मंडळींबद्दल.

२०११ साली मी जालना जिल्ह्यात, तीर्थपुरीच्या शाखेत होतो. बाजारच्या दिवशी एक मावशी खिडकीशी आल्या. मुदत ठेव मोडायची होती. चार महिने थांबलात तर पूर्ण व्याज मिळेल, म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या व्याज. घरावर करणी हाय. बुवानं लिंबू कापलं, तर रगत आलं त्याच्यातून. उताऱ्याला पाच हजार लागत्यात."

ठेव त्यांची, अंगठा त्यांचा. कारकुनाला 'का' विचारायचा अधिकार कुठल्याच परिपत्रकात नाही. मी 'साहेब बाहेर गेलेत' असं ठोकून दिलं (साहेब आत पेपर वाचत होते) आणि मावशींना जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसवून ठेवलं. शिपायाला पिटाळून लिंबं आणि शेजारच्या कुंपणातली तांबडी जास्वंद मागवली. पाकळ्या सुरीच्या पात्यावर चांगल्या चोळल्या, रस वाळू दिला. वाळल्यावर पातं जरा मळकट दिसतं, एवढंच. लिंबू कापलं. लालभडक थेंब टेबलावर.

मला वाटलं, झालं काम. मावशींनी हात जोडले. "अगं माय! सायेब, तुमच्याबी हातात गुण हाय की! मंग तुमीच करा उतारा. बुवापरीस कमी घ्याल."

दोन मिनिटं मी तीर्थपुरीतला दुसरा बुवा होतो, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. गुपित न सांगता नुसता चमत्कार करून दाखवला, की समोरच्याला एक बुवा सोडून दुसरा सापडतो. म्हणून सुरी धुतली आणि मावशींच्याच हातात दिली. कोऱ्या सुरीने कापलेल्या लिंबातून रस आला, लिंबासारखा. मग फूल दिलं. त्यांनी स्वतः पाकळ्या चोळल्या, स्वतः कापलं. लाल!

"आंबट लागलं की जास्वंदीचा रस लाल होतो, मावशी."

मावशी थोडा वेळ लिंबाकडे बघत राहिल्या. "म्हंजे हळदीत चुना घातल्यावर लाल व्हती, तसं?"

"तसंच." रसायनं वेगळी असतील, पण कॉमर्सवाल्याने याहून खोलात शिरू नये.

पावती घडी घालून पिशवीत गेली. जाता जाता त्यांनी विचारलं, "आन् आधी दिलेले दोनशे एक?"

त्याला माझ्याकडे स्लिप नव्हती. चमत्कार दाखवून पैसे उकळणं हा गुन्हा ठरवणारा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात आला २०१३ साली. त्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला आणि त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला. सहा महिने ते सात वर्षं कैद आहे त्यात. ते गावोगाव हेच प्रयोग करायचे आणि शेवटी गुपित सांगायचे. त्यांनी कुणाची मजा घालवली, हे माझ्या स्नेह्यांनी एकदा सांगावं.

स्नेही अजून पटलेले नाहीत. मात्र परवा त्यांचा फोन आला. नातवाचा वाढदिवस आहे, लिंबाचा खेळ करा, पण गुपित सांगायचं नाही या अटीवर. येतो म्हटलं. सुऱ्या दोन ठेवा, एक नातवाला लागेल.